दाढ ठणकतेय, गोळ्या लिहून द्या: दातांचं दुखणं आणि अँटिबायोटिक्स

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

दाढ दुखायला लागली की आधी मेडिकल गाठायचं. तिथे भागलं नाही तर डेंटिस्ट. आणि डेंटिस्टलाही सांगायचं, "आधी गोळ्या द्या, सूज उतरली की पुढचं बघू." आपल्याकडे हे सर्रास चालतं. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझी प्रॅक्टिस आहे, आणि हेच रोज एकेकाला समजावत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हणून हा धागा.

दाताच्या मधोमध एक पोकळी असते. तिच्यात नस आणि बारीक रक्तवाहिन्या असतात. कीड तिथवर पोचली की नस सुजते. गालाला, बोटाला सूज आली तर मांसाला फुगायला जागा मिळते. इथे चारी बाजूंनी कठीण दात. आतला दाब वाढत जातो, म्हणून तो ठणका, आणि रात्री आडवं झालं की जास्तच. हे दुखणं सुजेचं आणि दाबाचं आहे. अँटिबायोटिकने ते कमी होत नाही. याची चाचणीही झालेली आहे: अशा ४० रुग्णांपैकी काहींना पेनिसिलिन दिलं, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. दुखण्यात फरक पडला नाही. चाचणी लहान होती, पण दवाखान्यात आम्हाला जे दिसतं ते याहून वेगळं नाही.

पुढे नस मरते. ठणका थांबतो आणि लोकांना वाटतं, सुटलो. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्ताबरोबर हव्या त्या जागी पोचते. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, मग औषध पोचणार कसं? जंतू आत सुखाने राहतात, मुळाच्या टोकाशी पू धरतो, एके दिवशी गाल सुजतो. आता गोळ्या घेतल्या तर गालातला संसर्ग दबतो, सूज उतरते. दाताच्या आतला साठा जसाच्या तसा. काही आठवड्यांनी पुन्हा सूज, पुन्हा गोळ्या, या वेळी जरा "भारी" गोळ्या. अशा प्रत्येक फेरीत औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे मागे उरतात.

उपाय हाताने करायचा आहे: नस काढून रूट कॅनाल, पू असेल तर त्याला वाट करून देणं, नाहीतर दात काढणं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. एरवी निरोगी असलेल्या माणसाला दाताचा हा उपचार लगेच मिळत असेल, तर नुसत्या दुखण्यासाठी किंवा त्या दाताजवळच्या सुजेसाठी अँटिबायोटिक देऊ नये. ताप आला, सूज पसरत चालली, तोंड उघडेना, गिळता येईना, तर मात्र द्यायचं. आणि तेही उपचाराच्या जोडीला, त्याच्याऐवजी नव्हे.

तुमचे अनुभव लिहा. विरोधात असतील तर जरूर लिहा.


मुक्ता_नाशिक

फार गरजेचा धागा. एक शंका. सूज असताना दाढ काढली तर विष मेंदूत चढतं, वरची दाढ काढली तर डोळ्यावर परिणाम होतो, असं आमच्या घरात ठाम मत आहे. सासूबाईंना तर त्यांच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं की सूज उतरल्याशिवाय हात लावायचा नाही.


कृष्णाकाठ

मुक्ताताई, डोळ्याचं अजिबात खरं नाही. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. वरच्या दाढेचा पू दुर्लक्ष केल्यामुळे पसरून डोळ्याखाली सूज येऊ शकते, पण तो दाढ न काढल्याचा परिणाम, काढल्याचा नव्हे.

"सूज उतरू द्या" यामागे थोडं तथ्य आहे. पू झालेल्या जागी आम्लता वाढते, तिथे टोचलेलं भुलीचं इंजेक्शन नीट लागत नाही आणि रुग्णाला दुखतं. पण खालच्या जबड्यात दाढेपासून लांब, मागच्या बाजूला नसेच्या मुळाशी इंजेक्शन देता येतं. बहुतेक वेळा ते लागतं. नाहीच लागलं तर निदान पू काढून दाब तरी कमी करायचा. पू साठला असेल तर त्याला वाट करून देणं हा शस्त्रक्रियेतला फार जुना नियम आहे, आणि तो दातालाही लागू आहे. वाट पाहण्यात रुग्णाचा फायदा क्वचितच असतो.


रोखठोक

डॉक्टर, राग मानू नका, पण हे सगळं ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यासाठी. रूट कॅनाल आणि वर कॅप म्हणजे हजारोंत जातं. गोळ्यांची स्ट्रिप शे-दीडशेत येते आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामावर उभा राहतो. रोजंदारीवाल्याला तीन-चार फेऱ्यांचे खाडे परवडतात का? "गोळ्या खाऊ नका" म्हणणं सोपं आहे. शिवाय बरेच डेंटिस्ट स्वतःच पहिल्या भेटीत काही न करता गोळ्या लिहून पाच दिवसांनी बोलावतात. मग लोकांनाच दोष का?


कृष्णाकाठ

राग कसला. तुमचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि डेंटिस्टांबद्दल म्हणालात तेही खरं. गर्दीच्या वेळी नस उघडायला लागणारा अर्धा तास काढण्यापेक्षा चिठ्ठी लिहायला एक मिनिट लागतं. रुग्णही खूश होऊन जातो. शिकलेल्या माणसाने असं करावं याचं मला वाईट वाटतं आणि आमच्या बैठकांतही मी हे बोलते.

पैशाबद्दल मात्र थोडं सविस्तर. आमच्या भागात ऊसतोडीला बाहेरून टोळ्या येतात. एका हंगामात त्यांतली एक बाई आली, पस्तिशीची असेल. खालची अक्कलदाढ किडलेली. हंगाम सुरू झाल्यापासून ती दुकानातून सुट्या गोळ्या घेत होती. दुखलं की दोन, थांबलं की बंद. पदराच्या गाठीत चार प्रकारच्या गोळ्या होत्या, कात्रीने कापलेल्या तुकड्यांत. एकावरही पूर्ण नाव नव्हतं, मुदतीची तारीख नव्हती. ती आली तेव्हा हनुवटीखाली दोन्ही बाजूंना दगडासारखी कडक सूज होती, जीभ वर उचलली गेली होती, बोलताना आवाज तोंडात काही धरल्यासारखा येत होता आणि लाळ गिळता येत नव्हती. याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात माणूस जंतूंच्या विषाने जाण्याआधी श्वास कोंडून जाऊ शकतो. मी दाढेला हात न लावता तिला तडक सिव्हिलला पाठवलं. तिथे मानेला छेद देऊन पू काढला, शिरेतून अँटिबायोटिक्स दिली, दाढ काढली. ती वाचली. हंगामाची कमाई मात्र गेली आणि मुकादमाची उचल डोक्यावर राहिली.

तिची दाढ सुरुवातीलाच काढली असती तर एका सकाळचं काम होतं. ज्याला रूट कॅनाल परवडत नाही त्याने गोळ्यांवर राहायचं, असं नाही. दाढ काढणं हाही पूर्ण उपचार आहे. सरकारी दंत महाविद्यालयांत, जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत तो नाममात्र खर्चात होतो. दात वाचवायचा असेल पण आज पैसे नसतील, तर नस उघडून आतला दाब काढायचा आणि तात्पुरतं सिमेंट भरायचं, एवढं एका बैठकीत होतं. ठणका त्यानेच थांबतो. बाकीचं पगार झाल्यावर. आपल्या डेंटिस्टला हे सरळ विचारा: "आज फक्त दुखणं थांबवायचं काम करा, पुढचं नंतर." नाही म्हणणारा विरळा.


औषधवाला_लातूर

माझं मेडिकल आहे. काउंटरच्या या बाजूने लिहितो.

दातदुखीवाला गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन येतच नाही. रिकामी स्ट्रिप घेऊन येतो. "हीच द्या, मागच्या वेळी गुण आला होता." नाहीतर नुसतं "ती सहाशे पंचवीसची द्या." आता ही सहाशे पंचवीस म्हणजे ५०० मिलीग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलीग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. पण लोकांना तो आकडाच औषधाचं नाव वाटतो. आकडा मोठा तेवढी गोळी पॉवरफुल, हा समज फार पक्का आहे.

कायद्याचं बोलायचं तर अमॉक्सिसिलिन शेड्यूल एचमध्ये आहे, चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. सेफिक्झिमसारखी वरची औषधं शेड्यूल एच-वनमध्ये. ते १ मार्च २०१४ पासून लागू झालं. त्यासाठी वेगळं रजिस्टर: डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपून ठेवायचं. २०१६ पासून सरकारने स्ट्रिपवरच्या लाल रेघेचा (चिठ्ठीशिवाय घेऊ नका, याची खूण) प्रचार केला. मी गिऱ्हाइकाला ती रेघ बोटाने दाखवतो आणि चिठ्ठी आणायला सांगतो. तो शेजारच्या दुकानात जातो. तिथे मिळते. एकट्या दुकानदाराच्या कडक राहण्याने काही होत नाही, तपासणी सगळीकडे सारखी हवी.

वर सुट्या गोळ्यांचा उल्लेख आलाय. स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि मुदत एका कोपऱ्यात राहते, बाकी तुकडा निनावी होतो. लोकांनी निदान ते बघून घ्यावं.

आणि डॉक्टर लोकांना विनंती, चिठ्ठीवर कारण लिहा. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सगळ्या डॉक्टरांना तसं पत्र काढलं होतं की अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी ते नमूद करा. आजवर माझ्या काउंटरवर आलेल्या दाताच्या चिठ्ठ्यांवर ते क्वचितच दिसलं.


सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते, लॅबमध्ये. दोन गोष्टी.

पहिली, "दातासाठी घेतलेलं औषध दाताचेच जंतू मारतं" असं काही नसतं. ते आतड्यात जातं, मूत्रमार्गात जातं, कातडीवर जातं. लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट पाहिला असेल तर त्यात औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर लिहिलेलं असतं. एस म्हणजे जंतू या औषधाला बळी पडतात, आर म्हणजे दाद देत नाहीत. दाढेसाठी, जुलाबासाठी, तापासाठी वरचेवर गोळ्या खाल्लेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये ओफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे आर दिसला की मला नवल वाटत नाही. शिवाय जंतू प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देतात, वेगळ्या जातीच्या जंतूंनाही. दातांवरचा थर म्हणजे शेकडो जातींचे जंतू दाटीवाटीने राहतात अशी जागा. त्यांतल्या प्रिव्होटेलासारख्या काहींकडे पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम असतं. त्याला अडवायला तर सहाशे पंचवीसमध्ये क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड घालतात.

दुसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची. आपल्याकडे दातासाठी ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल ही जोडगोळी सर्रास लिहिली जाते. ऑर्निडाझोल हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंवर चालतं. पण तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकसवर ओफ्लॉक्सासिन दुबळं आहे, म्हणजे दाताच्या दृष्टीने निवडच चुकीची. आणि ते ज्या गटातलं आहे, त्याच गटातली लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर वापरावी लागतात. एकाला प्रतिकार आला की सहसा दुसऱ्यालाही येतो. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. एखाद्याला टीबी आहे हे अजून कळलेलंही नसताना दाढेसाठी हे औषध दिलं, तर निदान लांबतं आणि पुढे उपयोगी पडणारं औषध आधीच बोथट होऊन बसतं. दाढेसाठी एवढी किंमत मोजायची?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिक्सची तीन गटांत वाटणी केली. नेहमी वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल पहिल्या गटात. ओफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम, अझिथ्रोमायसिन दुसऱ्या गटात. दाताला औषध लागलंच तर बहुतेक वेळा पहिल्या गटात भागतं.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात २०१९ या एका वर्षात जगभर १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषध-प्रतिरोधी जंतूंमुळे झाल्याचा अंदाज दिला आहे. यात दातांचा वाटा वेगळा काढता येत नाही. पण जगातल्या एकूण अँटिबायोटिक चिठ्ठ्यांपैकी सुमारे १० टक्के डेंटिस्ट लिहितात असं जागतिक दंत महासंघ म्हणतो. दहावा हिस्सा म्हणजे थोडा नव्हे.


पिंपरीकर

छान चर्चा. थोडं अवांतर. आमच्या पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये सुरू झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, तेव्हा देशात पेनिसिलिन तयार होणं ही अभिमानाची गोष्ट होती. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने नोबेलच्या भाषणात सांगून ठेवलं होतं की एक दिवस पेनिसिलिन दुकानात कुणालाही विकत मिळेल, लोक अपुरा डोस घेतील आणि जंतूंना प्रतिकार शिकवतील. लातूरच्या दुकानदारांनी लिहिलेलं वाचून तेच आठवलं.


थेम्सकाठी

इंग्लंडमध्ये राहते. इथे दातासाठी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही, तरी प्रश्न सुटलाय असं नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मार्चअखेरपासून ८ जूनपर्यंत दातांचे नेहमीचे दवाखाने बंद होते. डेंटिस्टनी फोनवर सल्ला द्यायचा, दुखण्याची गोळी सांगायची आणि गरज पडली तर अँटिबायोटिक, एवढंच शक्य होतं. त्या एप्रिल ते जुलैमध्ये इथल्या सरकारी सेवेत डेंटिस्टनी लिहिलेली अँटिबायोटिक्स आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी वाढली. म्हणजे डेंटिस्टचा हात रुग्णापर्यंत पोचला नाही की त्याची जागा गोळी घेते, मग देश कुठलाही असो. रोखठोक यांनी मांडलेली अडचण इथेही आहेच. सरकारी डेंटिस्टची वेळ मिळता मिळत नाही.


विनय_ठाणे

वडिलांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि ते वॉर्फरिन (रक्त पातळ करणारी गोळी) घेतात. दोन दाढा काढायच्या आहेत. एका दवाखान्यात आधी तीन दिवस आणि नंतर पाच दिवस अँटिबायोटिक सांगितलं, सोबत मेट्रोनिडाझोल. या धाग्यानुसार घ्यायचंच नाही का?


कृष्णाकाठ

विनय, थांबा. तुमच्या वडिलांना अँटिबायोटिक लागतंच. दात काढताना जंतू रक्तात शिरतात आणि कृत्रिम झडपेवर बसू शकतात. असा संसर्ग जीवघेणा असतो. पण त्यासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २००७ पासूनच्या सूचनांप्रमाणे एकच डोस पुरतो: मोठ्या माणसाला २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन, दाढ काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरं औषध. पूर्वी अशा वेळी क्लिंडामायसिन देत, २०२१ पासून त्यांनी ते सुचवणं बंद केलं, कारण त्याने आतड्याचा गंभीर त्रास होऊ शकतो.

मेट्रोनिडाझोलबद्दल मात्र आजच फोन करून विचारा. त्याने वॉर्फरिनचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. आणि वॉर्फरिन आपल्या मनाने बंद करू नका. आधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) करून घ्या, हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र घ्या, ते डेंटिस्टला दाखवा.

गुडघा बदललेल्यांसाठीही सांगते, कारण हाही प्रश्न नेहमी येतो. दातांच्या कामाआधी त्यांना सरसकट अँटिबायोटिक द्यायची गरज नसते.


मुक्ता_नाशिक

मग ठणका लागलेल्या रात्री माणसाने करायचं काय? आणि एकदा सुरू केलेला कोर्स पूर्ण करायचा की बरं वाटलं की थांबायचं? दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात.


कृष्णाकाठ

रात्रीसाठी: जेवणानंतर आयब्युप्रोफेन ४०० आणि सोबत पॅरासिटामॉल ५००. दाताच्या दुखण्यावर ही जोडी चांगली चालते. पण मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, गोळ्यांनी वाढणारा दमा, गरोदरपण, रक्त पातळ करणारी औषधं यांपैकी काही असेल तर आयब्युप्रोफेन नको. डेंग्यूच्या दिवसांत अंगात ताप असेल तरीही नको. अशांनी फक्त पॅरासिटामॉल. उशी उंच घ्या. लवंगेचं तेल कापसाच्या बोळ्यावर अगदी थोडं, दाताच्या खड्ड्यात. हिरडीवर ओतू नका, भाजते. दुखणाऱ्या बाजूला हिरडीत गोळी दाबून ठेवणारे लोक येतात, त्यांची हिरडी पांढरी पडून सोललेली असते. ते कृपया करू नका.

कोर्सबद्दल: "दहा दिवस पूर्ण कराच" हा सल्ला दातांच्या बाबतीत जुना झाला. २०१९ च्या त्याच सूचनांत तीन ते सात दिवस म्हटलंय, तीन दिवसांत रुग्णाला पुन्हा तपासायचं आणि ताप, सूज वगैरे गेल्यावर २४ तासांनी थांबवायचं. मात्र हे डॉक्टरने बघून ठरवायचं. उरलेल्या गोळ्या डब्यात जपून पुढच्या वेळी वापरायच्या नाहीत, शेजारणीला तर मुळीच द्यायच्या नाहीत.


रोखठोक

सरकारी दवाखान्यात दाढ काढून मिळते हे मला खरंच ठाऊक नव्हतं. आमच्या साइटवरच्या दोघांना पाठवतो. पण एक सांगा, दाढ काढल्यावर तरी अँटिबायोटिक लागतं ना? सगळ्यांनाच देतात.


कृष्णाकाठ

साध्या, हलणाऱ्या किंवा किडलेल्या दाताला, निरोगी माणसात, सहसा नाही. अवघड अक्कलदाढेत थोडा फायदा दिसतो. कोक्रेन (उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) हिच्या २०२१ च्या आढाव्यात एकाचा संसर्ग टाळायला साधारण १९ निरोगी माणसांना औषध द्यावं लागतं असं निघालं. म्हणजे बाकीचे अठरा विनाकारण घेतात. दाढ काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक जोरात दुखायला लागलं तर तो बहुधा कोरडा पडलेला खड्डा असतो, रक्ताची गुठळी निघून गेल्यामुळे. तो धुऊन औषधाची पट्टी भरली की आराम पडतो. गोळ्यांनी नाही. साइटवरच्या मंडळींना सांगा, दाढ काढल्यावर विडी आणि तंबाखू काही दिवस बंद. निदान तीन दिवस तरी.


रानपाखरू

माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या हिरडीवर दुधाच्या दाढेजवळ पांढरी पुळी आलीय. ताप नाही, खेळतेय. मेडिकलवाल्याने अँटिबायोटिकचं सिरप दिलंय, अजून उघडलेलं नाही. देऊ का?


कृष्णाकाठ

नको, तसंच राहू द्या. ती पुळी म्हणजे आतल्या पुवाने बाहेर यायला केलेली वाट आहे, म्हणून तिला दुखत नाहीये. दाढेची नस मेली असणार. लहान मुलांच्या डेंटिस्टकडे दाखवा, एक्स-रे काढून ते ठरवतील की नस साफ करून दाढ ठेवायची की काढून जागा राखणारी तार बसवायची. दुधाची आहे, पडणारच, म्हणून सोडू नका. खाली पक्का दात तयार होतोय आणि या पुवाने त्याला इजा होऊ शकते. मधे ताप आला, गाल सुजला, जबड्याखाली कडक लागलं किंवा ती खायला-प्यायला तयार नसेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या. आणि तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर तिचं वजन सांगून डोस विचारून घ्या.